रडली नाही म्हणून

इस्त्रीवालीचा स्वभावच संशयी. गिऱ्हाइकाच्या शर्टाचा खिसा उलटा करून पाहिल्याशिवाय ती इस्त्री टेकवायची नाही. त्यात दुकानाच्या वरच्या खोलीत बायकांचा वर्ग सुरू झाला आणि तिची लेक, कापडदुकानातली नोकरी सांभाळून, तिथे परीक्षेची तयारी करायला जाऊ लागली. मग काय, विचारूच नका!

संशय होता तो वर्गाच्या बाईंवर. आपल्यावर बलात्कार झाला होता, हे त्यांनी भर सभेत सांगितलं होतं. आणि याच बाई जिन्यावरून खळखळून हसत उतरायच्या! ओठांना लाली, अंगात लालभडक ड्रेस.

"नाटकं सगळी," इस्त्रीवाली येताजाता म्हणायची. "जिच्यावर असा प्रसंग आला ती हसेल होय? रडून रडून डोळे गेले असते तिचे."

लेक मान खाली घालून कपड्यांच्या घड्या घालायची. हल्ली ती फारसं बोलतच नव्हती. आईला वाटलं, बाईंनीच पोरीचे कान भरले. तिने लेकीचं वर्गाला जाणं बंद करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या. "ताई, लेकीला का पाठवलं नाहीत?"

"स्पष्टच सांगते. माझा तुमच्यावर विश्वास नाही. तुम्हाला कधी रडताना पाहिलं नाही मी."

बाईंचं हसू मावळलं. "तेव्हा पोलीसही हेच म्हणाले होते. किती रडलं म्हणजे खरं ठरतं हो? घागरभर? फार कष्टांनी परत मिळवलंय मी हे हसणं. ते काय आता तुम्हाला विचारून हसू?"

इस्त्रीवाली तोंड उघडणार, तोच मागून लेकीचा आवाज आला.

"आई, मीही रडले नव्हते गं."

"कधी?"

"कापडदुकानाच्या मालकाने गोदामात अडवलं तेव्हा. अंगावर हात टाकला त्याने. मी नुसती थिजून उभी राहिले. तुला सांगणार होते. पण तू रोज बाईंबद्दल असं बोलायचीस..."

अरे देवा! "खरं सांगतेस ना?" हा प्रश्न आईच्या अगदी जिभेवर आला होता. तिने तो गिळला आणि लेकीला पोटाशी धरलं. स्वतःचीच तिला भयंकर लाज वाटली.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," ती म्हणाली. मग बाईंकडे वळली. "चुकले मी. चला, तक्रार करू. आणि पोरगी रडत का नाही असं तिथे कुणी विचारलंच, तर त्याच्याकडे मी बघते!"

मंडळी, संशय घ्यायचाच तर ज्याने केलं त्याचा घ्या. जिने सोसलं, तिच्या डोळ्यांतलं पाणी मोजत बसू नका!