वाकडी तोटी

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची झारी आहे. माझी तोटी वाकडी आहे, पण जन्मापासून नव्हे. ती कोणी वाकवली, हे सांगण्यासाठीच मी तोंड उघडले आहे. क्षमा करणे मला जमलेले नाही.

काबूलच्या तांबटाने मला घडवले. जेवणाआधी घरातल्या धाकट्याने मला उचलायचे आणि थोरल्यांपासून सुरुवात करून प्रत्येकाच्या हातावर पाणी घालायचे, हा आमच्या लोकांचा रिवाज. देश सुटला तेव्हा माहजबीनने दागिने मागे ठेवले आणि मला शालीत गुंडाळून हॅम्बुर्गला आणले. इथे घरोघर नळ आहेत. तरी कोणाकडे जेवण असले की मला मागून नेत.

तिचा नवरा हशमत वारला. त्याच्या चाळिसाव्या दिवसाचे जेवण धाकट्या दिराकडे, शेरआगाकडे होते. त्याची आठ वर्षांची मुलगी निलाब मला घेऊन आली. पहिला मान विधवेचा, म्हणून ती माहजबीनकडे वळली. शेरआगाने धंद्यातले जर्मन भागीदार बोलावले होते. त्यांच्यासमोर त्याला आमची लाज वाटली.

"नळावर जा, वहिनी," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "हा गावंढळपणा काबूललाच टाकून यायचा."

आणि त्याने मला बाल्कनीत भिरकावले. माझी तोटी वाकली ती तेव्हा. माहजबीनचे हात पुढे झालेले होते. ते तसेच कोरडे घेऊन ती उठली आणि मला उचलून उपाशी घरी आली.

बारा वर्षे ती मला लिंबू-मिठाने घासत राहिली. कोणी तोटी सरळ करून देतो म्हटले, की म्हणायची, "राहू दे. मला विसर पडायला नको." मलाही नकोच होता.

गेल्या ईदला शेरआगा दारात उभा राहिला. निलाबचे लग्न जुळत होते. मुलाकडची माणसे जुन्या वळणाची. होकाराचे मिठाईचे ताट घरातल्या थोरल्या माणसाच्या हातून मिळाल्याशिवाय ती सोयरीक मानणार नव्हती. थोरली होती माहजबीन.

तिने त्याला मानाच्या जागी बसवले. मग सुनेला बाजूला सारून मला स्वतः उचलले आणि ती सत्तरीची बाई धाकट्या दिरापुढे गुडघे टेकून बसली. आमच्यात याहून मोठी चपराक नाही.

"वहिनी, हे पाप माझ्या माथी मारू नका."

"हात पुढे कर. पाहुणा आहेस."

"नळावर धुतो ना मी."

"नळ तुझ्याकडे. माझ्याकडे रिवाज आहे."

मी मुद्दाम सावकाश वाहिले. त्याचे कान लाल झाले. शेवटी त्याने मला तिच्या हातून घेतले आणि तिच्या हातांवर पाणी घातले. अर्धे मी त्याच्या नव्या कोटाच्या बाहीत सोडले. तोटी वाकडी, माझा काय दोष?

"पोरीचा काही गुन्हा नाही," हात पुसत माहजबीन म्हणाली. "ती झारी माझ्याकडेच आणत होती. ताट मी देईन. पण त्या दिवशी सगळ्यांच्या हातावर पाणी तू घालायचं. याच झारीनं."

"माझे भागीदार असतील हो तिथे."

"त्यांच्याही हातावर घाल."

मित्रांनो, जुनी भांडी मोडीत घालू नका, घासूनपुसून जपा. शेरआगा काल निरोप पाठवून विचारत होता, निदान तोटी तरी सरळ करून घेऊ का. माहजबीनने नाही म्हणून कळवले. सोहळा येत्या शुक्रवारी आहे आणि मी लखलखीत आहे.