मध्यंतरातलं बोलणं

बॉल ॲनिशाच्या हातांखालून निसटला, दोन्ही पायांमधून घरंगळला आणि सावकाश जाळीत जाऊन थांबला. इतका सावकाश, की एखाद्या म्हाताऱ्यानेही काठी आडवी घालून अडवला असता.

"आणि गोल! दुर्दैवाने गोल!" बेसिल माइकवर म्हणाला.

माइकवर बेसिल कुणाबद्दल वाकडं बोलत नसे. शाळेच्या ऑफिसात कारकुनी करता करता त्याचे केस पांढरे झाले होते, पण गावात त्याला ओळखत ते आवाजासाठी. लग्न असो, चर्चचा सण असो की शाळेची कवायत, माइक बेसिलच्याच हातात. आज तर आसपासच्या शाळांच्या फुटबॉल चषकात मुलींची उपांत्य फेरी होती, तीही त्यांच्याच मैदानावर. समोर मनवेलपाड्याकडची शाळा होती. जो संघ जिंकेल तो अंतिम सामन्यात.

यंदा पहिल्यांदाच सामन्याला तिकीट लावलं होतं. मैदानावर मुलींना कपडे बदलायला खोली नव्हती, ती या पैशांतून बांधायची होती. तिकिटाची कल्पना बेसिलची. "आपली मानसं लग्नाचं जेवन सोडतील, पन मॅच सोडनार नाय," असं त्याने मुख्याध्यापिकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. परदेशात असलेल्यांना मोबाइलवर सामना दिसावा म्हणून लाइव्हही ठेवलं होतं, पण पास काढून. झालं असं, की गावातल्यांनीही पासच काढले, आणि तेही घरटी नव्हे, आळीत एक. एका टीव्हीसमोर अख्खी आळी बसली आणि मैदानावरचे बाक ओस पडले. कुणाला नावं ठेवायची सोय नव्हती, कारण बेसिलची बायको आग्नेसच शेजारणीच्या पासावर शेजारणीच्या घरी बसली होती.

त्यात हा ॲनिशाचा बाप, स्टीवन. बहरीनला नोकरी करायचा. त्याने तिथल्या ओळखीपाळखीच्या लोकांना गळ घालून इतके पास खपवले, की मुख्याध्यापिकांनी सकाळी प्रार्थनेनंतर नाव घेऊन त्याचे आभार मानले. तिकिटांचं नाव कुणी काढलं नाही. ते बेसिलला फार लागलं.

मध्यंतराची शिट्टी झाली. बेसिलने कर्ण्याचं बटण पिळलं, मैदानावरचा आवाज थांबला. उभ्या आयुष्यात त्याने माइक असाच बंद केला होता. कर्णा गप्प म्हणजे माइक गप्प. लाइव्हचं काम चंदनसारची क्षितिजा बघत होती, ती कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला मैदानाच्या पलीकडे गेली होती. फाटकावर तिकिटं फाडायला बसलेला बॅप्टिस्ट दोन चहा घेऊन आला.

"काय रे, फाटकावर माशा मारतो काय?" बेसिलने विचारलं.

"माशा पन नाय आल्या. त्यांनी पन पास काढला असंल." बॅप्टिस्ट टेकला. "काय गोल खाल्ला रे त्या पोरीने! ह्या असल्या पोरीला गोलकी कोनी केलं?"

"कोनी म्हंजे? तिच्या बापाने. बहरीनवरून पासांच्या थप्प्या खपवतो तो. त्याची पोरगी बाकावर बसली तर तिकडे बघनार कोन?" बेसिलने चहाचा घोट घेतला. आपल्या बोलण्याला रंग चढतोय हे त्याला कळत होतं, आणि आवडतही होतं. "गोलात पोरगी नाय उभी केली बॅप्टिस्ट, बापाचे पैसे उभे केलेत. मग बॉल पैशाला कसा अडनार?"

बॅप्टिस्ट खो खो हसला.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. संघ निवडला तेव्हा बेसिल तिथेच खुर्ची टाकून बसला होता आणि सगळ्या पोरींत ॲनिशा सरस ठरल्याचं त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिकिटं खपली नाहीत त्याचा राग कुणावर तरी निघायला हवा होता. वड्याचं तेल निघालं वांग्यावर.

खिशात फोन थरथरत होता. आग्नेस. येताना पाव आणायला सांगत असणार म्हणून त्याने उचलला नाही. पुन्हा थरथरला, पुन्हा नाही उचलला.

मग दुसऱ्या डावाची तयारी म्हणून त्याने टेबलावरचा टॅब पुढे ओढला. सामना बघणारे लोक त्यावर निरोप लिहायचे आणि बेसिल त्यांची नावं वाचून दाखवायचा. लोकांना ते फार आवडायचं. सगळ्यात खालचा निरोप बहरीनचा होता.

'बेसिल अंकल, माइक चालू आहे.'

लिहिणारा स्टीवन.

बेसिलने तो दोनदा वाचला. त्याच्या खाली कुणीच काही लिहिलं नव्हतं. एरवी निरोपांची रांग हलायची थांबत नसे. त्याने वर पाहिलं. समोरच्या बाकावर ॲनिशाची आई पॉलिन फोन कानाला लावून बसली होती. तिने फोन ठेवला, एकदाच टेबलाकडे पाहिलं आणि नजर मैदानाकडे वळवली.

क्षितिजा धावतच आली. तिने आधी माइकवर हात ठेवला आणि मग एक खटका दाबला.

"काका, सगळं गेलं बाहेर."

"बाहेर म्हंजे? कर्णा तर बंद होता!"

"कर्ण्याचा काय संबंध? माइक माझ्या मशीनला पण जोडलाय. सकाळी सांगितलेलं ना तुम्हाला." त्याचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "रेकॉर्डिंगमधून कापते मी तेवढं. पण लाइव्ह ज्यांनी ऐकलं त्यांनी ऐकलं, त्याला काय करणार?"

बॅप्टिस्टने चहाचे दोन्ही पेले उचलले आणि तो फाटकाकडे निघून गेला. ऐकणाराही गुन्ह्यात धरला जातो हे त्याला कळलं असावं.

धरणीने पोटात घ्यावं म्हणजे काय, ते बेसिलला त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं. आळीआळीतून माणसं टीव्हीसमोर बसली होती. त्यांच्यात त्याचे व्याही होते, त्याने ज्यांची लग्नं गाजवली ती पोरं होती. आणि तिकडे स्टीवन, ज्यांना आग्रह करून पास घ्यायला लावले त्या मित्रांच्या मधोमध बसलेला. लेकीचा खेळ दाखवायला बसवलं होतं त्याने त्यांना.

मुली मैदानात उतरत होत्या. ॲनिशाने कर्ण्यातून काहीच ऐकलं नव्हतं. हातमोजे चढवत ती गोलाकडे पळत गेली.

माफी मागावी? कर्णा बंद ठेवून फक्त लाइव्हवर मागता आली असती. तसं क्षितिजा म्हणालीही. बेसिलने माइक हातात घेतला. पण माफी मागायची तर काय बोललो ते आधी स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं असतं, आणि ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही ते कळलं असतं. तेवढी हिंमत त्याच्या अंगात नव्हती. शिट्टी झाली तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या डावात पाहुणा संघ एकसारखा गोलावर येत राहिला. पहिला फटका ॲनिशाने झेपावून बाहेर ढकलला.

"वा, ॲनिशा! काय झेप! अशी गोलकी उभ्या तालुक्यात नाही!" बेसिल ओरडला, आणि स्वतःचा आवाज त्याच्याच कानावर पडला. शेपूट हलवल्यासारखा आवाज होता तो. बहरीनला बसलेल्या माणसाला तो कळला नसेल असं कसं म्हणावं?

पुढे त्याने विशेषणं सोडून दिली. ॲनिशाने अडवला. ॲनिशाने उचलला. ॲनिशाने पुन्हा अडवला. तिचं नाव घेणं दर खेपेला जड जायचं, आणि घेतल्यावाचून सुटका नव्हती, कारण बॉल होता तो सगळा तिच्याकडेच. एकदा तर ती समोरून येणाऱ्या मुलीच्या पायांवर अंग झोकून देत पडली आणि उठली तेव्हा कोपर सोलवटलेलं होतं. एकही गोल तिने होऊ दिला नाही. पण आपल्या मुलींनाही एक करता आला नाही. सामना तेवढ्याच एका गोलाने गेला.

बेसिलने दोन्ही संघांचे आभार मानले, तिकीट काढून आलेल्यांचे मानले, पास काढणाऱ्यांचे मानले. "विशेषतः बहरीनचे" हे शब्द ओठांवर आले होते, ते त्याने गिळले.

तो वायर गुंडाळत होता तेव्हा ॲनिशा टेबलापाशी आली. रडून डोळे लाल झाले होते, पण चेहरा हसरा होता. हातात आईचा फोन होता.

बेसिल उठून उभा राहिला. उद्यापर्यंत हिला कुणी ना कुणी सांगणारच होतं. मग आपणच सांगावं, आत्ता, इथेच.

"ॲनिशा, बाय, ऐक ना. मघाशी मी..."

"अंकल, माहितीये काय झालं?" ती आपल्याच नादात होती. "पप्पांचं नेट गेलेलं! पहिला हाफ दिसलाच नाही त्यांना. थेट दुसरा हाफ लागला. बोलले, माझ्यासमोर तू एक पण गोल खाल्ला नाहीस."

बेसिलने टेबलावरच्या टॅबकडे पाहिलं. स्टीवनचा मध्यंतरातला निरोप अजून तिथेच होता.

"त्यांचे सगळे मित्र टाळ्या वाजवत होते, मी ऐकल्या फोनवर." तिने मागे वळून आईकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अंकल, तो गोल मी कसा खाल्ला ते तुम्ही पण सांगू नका हां पप्पांना. प्लीज. मला लाज वाटते."

"नाय," बेसिल म्हणाला. "नाय सांगनार."

"थँक्यू अंकल!"

ती पळाली. पॉलिन फाटकाशी उभी होती. एरवी ती लांबूनच "येते हां अंकल" म्हणून हात करायची. बेसिलचा हात सवयीने अर्धा वर गेला. पॉलिनने लेकीच्या खांद्यावरची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली, तिच्या सोललेल्या कोपरावर फुंकर घातली आणि दोघी रस्त्याला लागल्या.