गस्तीचा जोडीदार

कावळा काही शिवेना. दहाव्याचा पिंड घाटावर ठेवून तास होत आला. समोरच्या पिंपळावर चारपाच कावळे बसलेले, पण खाली एकही उतरेना. गेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. ह्यांची काय राहिली ते मला ठाऊक होतं, आणि आनंदभाऊजींनाही.

लढाई सुरू झाली तशी आमच्या कसब्यातल्या लोकांनी नदीवर गस्त घालायचं ठरवलं. पूल सांभाळायचा, काठाला कोणी अनोळखी दिसला तर पोलिसांना कळवायचं. शत्रू म्हणे मुठेतून येणार! आला असता तर वासानेच परत गेला असता. पण आमचे हे पडले सरळ. पायऱ्या निसरड्या, म्हणून एकट्याने उतरायचं नाही, जोडीनेच, असा नियम होता. ह्यांचे जोडीदार आनंदभाऊजी. पथकाचे प्रमुखही तेच.

त्या संध्याकाळी भाऊजी आमच्याकडे आले आणि टीव्हीसमोर बसले. "रंगराव, तुम्ही व्हा पुढे. एवढी बातमी बघून आलोच." मेला चहाही मीच दिला, तोही दोनदा! हे घाटावर घसरले, डोकं आपटलं, पाण्यात गेले. फोन आला तेव्हा भाऊजींच्या हातात माझी कपबशी होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर सहकाऱ्याला वाचवायला पथकप्रमुखांची नदीत उडी! चार दिवसांत लढाई थांबली, भाऊजींचे सत्कार थांबेनात.

घाटावर नातेवाईक एकेक करून पिंडापुढे हात जोडून माझी हमी देत होते. "शालनला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. शेवटी मीच म्हटलं, "आनंदभाऊजी, आता तुम्ही बोला. त्या संध्याकाळी कुठे होतात, तेवढं सांगा त्यांना. मला दुसरं काही नको."

भाऊजींनी घसा खाकरला. "रंगराव, तुमची गस्त आम्ही चालू ठेवू."

एकही कावळा हलला नाही.

गुरुजींना पुढचं काम होतं. खरा कावळा येत नसला की दर्भाचा करून पिंडाला लावतात, तसा त्यांनी केला. मी तो ओढूनच घेतला आणि भाऊजींपुढे धरला. "घ्या, तुम्हीच शिववा. गस्त खोटी, उडी खोटी, मग कावळा तरी खरा कशाला हवा?"

वाटलं, आता तरी ह्या माणसाला लाज वाटेल. त्यांनी चप्पल काढली, माझ्या हातातून तो कावळा घेतला आणि सगळ्यांदेखत नीट पिंडाला लावला.

"शिवला, शिवला," म्हणत लोक उठले.