पत्रे कापणारी कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझी जीभ तिखट आहे. गोड बोलणारे कुणी हवे असेल तर शेजारच्या डिंकाच्या बाटलीकडे जा. ती सगळ्यांना चिकटूनच असते.

कारखान्यातून निघून मी एखाद्या शिंप्याकडे गेले असते, तर चार जणांच्या अंगावर कपडे चढले असते. पण नशीब फुटके! मी आले एका संस्थेच्या पत्र विभागात. ही संस्था परदेशातल्या माणसाला इथल्या एका मुलाचा खर्च देणारा पालक करते. दूर देशात मुख्य कार्यालय, त्याखाली आमच्या देशाचे, त्याखाली आमचे तीन खोल्यांचे, आणि त्याखाली वस्तीत पायपीट करणारी ताई. सगळ्यांच्या खाली मूल. त्याला एक क्रमांक, एक फाइल, वर्षाला एक फोटो आणि दोन पत्रे.

प्रत्येक पत्र माझ्या पात्यांतून जायचे. आडनाव, पत्ता, शाळेचे नाव मी कापून टाकायची. हा नियम चांगला होता. मूल भलत्याच्या हाती लागू नये म्हणून तो केलेला होता. पत्रवाल्या बाई माझी धार वाखाणायच्या, तेल घालायच्या. मीही शेफारले.

दुसरा नियम असा, की मुलाने पालकाकडे काही मागायचे नाही. मागितले, तर ते वाक्य कापायचे.

चारशे सतरा क्रमांकाच्या मुलीने परदेशातल्या आपल्या पालक आजींना लिहिले, "आजी, मला फळ्यावरचं दिसत नाही. आईला वाटतं मी अभ्यास टाळते. डोळे दाखवायला कुणी नेईल का?"

"ही मागणी झाली," बाई पुटपुटल्या. आजारपणाची नोंद ताईच्या वहीत, पत्रे बाईंच्या टेबलावर. एकीचे दुसरीला सांगायची पद्धतच नव्हती. मी वाक्य कापले. पुढच्या पत्रात तेच वाक्य आले, तेही कापले. तिसऱ्यांदाही कापले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसा त्यांचा नियम!

मुलीचे अक्षर दर पत्रात मोठे होत गेले. वरच्या कार्यालयातून आलेले साहेब म्हणाले, "काय टपोरं अक्षर आहे! बाकीच्या मुलांना दाखवा." पत्र कार्यालयातल्या फळ्यावर लागले. साहेबांचे डोळे शाबूत होते, तरी त्यांना काही दिसले नाही.

मग मुलगी शाळेत जाईनाशी झाली. बाईंच्या छापील कागदावर चार चौकटी होत्या: गाव सोडले, शाळा सोडली, वय झाले, मृत्यू. बाईंनी दुसरीवर खूण केली आणि तिच्या आजींना नवे मूल जोडून दिले.

त्यानंतर आजींचे पत्र आले. वरातीमागून घोडे! "बाळ, मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. अक्षर असं वाढायला लागलं की डोळे तपासावे लागतात. तू काही सांगत का नाहीस?"

वस्तीत पोचवायला दिलेले ते पत्र ताईने वाचले आणि ती मुलीला व तिच्या आईला तडक दवाखान्यात घेऊन गेली. उजवा डोळा गेला होता. डावा थोडाफार वाचेल, असे डॉक्टर म्हणाले. परतताना तिघी कार्यालयात आल्या. मुलगी टेबलाची कड चाचपत उभी राहिली.

"मी तीनदा लिहिलं होतं," ती म्हणाली. "पोचलं नाही का?"

"नियम होता गं बाळा," बाई म्हणाल्या.

"मग आता तिनं नियमानं बघायचं का?" आईने विचारले.

ताईने कागद ओढला. "आजींना काय लिहू, सांग."

"आजी, मी सांगितलं होतं. तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही."

एवढेच लिहून त्या गेल्या. बाईंनी चष्मा पुसला, पत्र दोनदा वाचले. मला वाटले, आता तरी ही बाई माणसासारखी वागेल. बाई म्हणाल्या, "तक्रारही चालत नाही." त्यांनी मला उचलले. मी अडले नाही, बोथटही झाले नाही. मी कापले. पाकिटात नुसते "आजी" गेले.

मित्रांनो, बाकीच्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. माझे उलटे आहे. मला तेल घालू नका, धार लावू नका, मला गंजू द्या. जपायचेच असेल, तर दुखते आहे असे लिहिणाऱ्या मुलाला जपा. आणि तो कागद टेबलावर ठेवून आधी त्याच्या घरी जा.