आधी जुना ड्रायव्हर काढा

तिच्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून ड्रायव्हरांसाठी पुस्तकं लिहिते." शेजारणींना वाटायचं, ट्रक चालवणाऱ्यांसाठी असेल काहीतरी, सिग्नल-बिग्नल. सुरुवातीला तिने समजावून पाहिलं की हा ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे, कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम. मग तिने नाद सोडला. आताशा घरी आल्यावर कुणाला काही समजावण्याइतकं त्राण तिच्यात उरत नसे.

तिची कंपनी ही कार्डं बनवायची. जी आकडेमोड साध्या कॉम्प्युटरला झेपत नाही, ती कार्डावर टाकली की चटकन होते. कार्ड बसवायचं कसं, ड्रायव्हर चढवायचा कसा, हे सांगणारी पुस्तिका ती सांभाळायची. आधीच्या कुणीकुणी लिहिलेली, ठिगळं लावलेली ती पुस्तिका तिच्या गळ्यात पडली होती. इंजिनिअर मंडळी तिला 'शुद्धलेखन' म्हणत, तेही तोंडावर. ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यापलीकडे हिचं काम नाही, असा त्यांचा समज होता आणि तो खोडून काढायचाही तिला कंटाळा आला होता.

एका सकाळी मदत कक्षाने तिच्याकडे एक मेल ढकलली. लिहिणारे एका शाळेतले मास्तर होते. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. शिक्षक वर्गात बोलतील ते लगेच भिंतीवर अक्षरांत उमटावं, यासाठी त्यांनी शाळेला हे कार्ड घ्यायला लावलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, "पुस्तिकेप्रमाणे सगळं केलं. मशीन पुन्हा सुरू केल्यावर पडदा काळा. सगळं पुसून पहिल्यापासून केलं, पुन्हा काळा. मी या क्षेत्रातला नाही, तेव्हा माझंच काहीतरी चुकत असणार. कुठे चुकतं तेवढं सांगाल का?"

खाली मदत कक्षाचं उत्तर होतं: कृपया पुस्तिकेतील सूचना क्रमाने पाळाव्यात.

तिने भांडारातून एक कोरं मशीन मागून घेतलं आणि चाचणीच्या खोलीत जाऊन बसली. त्या खोलीत पंख्यांची घरघर चालू असायची आणि गारठा असा की स्वेटर घालावा लागे. स्वतःला काहीच माहीत नाही असं धरून तिने एकेक सूचना जशी लिहिली होती तशी पाळली. मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा काळा.

दुपारपर्यंत तिने खटपट केली तेव्हा कारण सापडलं: कार्डाच्या आतच भरलेला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, जुना होता आणि त्याला नवा ड्रायव्हर कळत नव्हता. मग ती ड्रायव्हर लिहिणाऱ्या इंजिनिअरकडे गेली. विचारल्याशिवाय बोलत नसे म्हणून त्याला सगळे मौनी म्हणत.

"पुस्तिकेत क्रम उलटा आहे," ती म्हणाली. "आधी कार्डाचं फर्मवेअर बदलायला हवं आणि मग ड्रायव्हर चढवायला हवा."

"हो."

"हो म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"आम्ही तसंच करतो."

"पण लिहिलंय उलटं."

"पुस्तिका बघतं कोण?" मौनीने खरोखरच विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

तिला राग यायला हवा होता. पण तोही आला नाही. "ज्यांच्या शेजारी तुम्ही बसलेले नसता, ते सगळे बघतात," एवढंच म्हणून ती साहेबांकडे गेली.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आत्ता बदललं तर इतके दिवस चुकीचं होतं असं होईल. पुढच्या आवृत्तीत घालून टाकू हळूच."

"तोवर लोक मशीन पुसत बसतील, साहेब."

"बरं, कर. पण बदलाच्या नोंदीत 'भाषा सुधारली' असं लिही."

तिने तसं लिहिलं. थोडा वेळ त्या दोन शब्दांकडे बघत बसली. मग ते खोडून लिहिलं: क्रम चुकीचा होता, तो दुरुस्त केला आहे. साहेब नोंदी वाचत नाहीत हे तिला ठाऊक होतं. मास्तरांना तिने दोन ओळींत नवा क्रम कळवला आणि घरी गेली. जेवताना नवऱ्याने विचारलं, "आज एवढी गप्प का?" ती म्हणाली, "काही नाही, एक काम हातावेगळं झालं."

दुसऱ्या दिवशी मास्तरांचं उत्तर आलं होतं. "तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. पडदा काळाच आहे. आता तर माझंच चुकतंय यात शंका नाही. तुमचा वेळ घेतला, क्षमा असावी."

तिने मेलखालचा नंबर फिरवला.

मास्तरांचा आवाज मऊ होता आणि ते एकेक शब्द सुटा करून बोलत. तिने त्यांना काय काय केलं ते पहिल्यापासून सांगायला लावलं.

"मशीन पुसून घेतलंत ना आधी?" तिने विचारलं.

"नाही. या खेपेला नाही पुसलं. तुम्ही फक्त क्रम बदला म्हणालात."

ती डोळे मिटून खुर्चीत मागे टेकली. आधीच्या प्रयत्नातला ड्रायव्हर त्यांच्या मशीनवर तसाच बसला होता. तिने करून पाहिलं होतं ते कोऱ्या मशीनवर. पण कोरं मशीन असतं कुणाकडे? जो पुस्तिका उघडतो, तो बहुतेक एकदा फसूनच उघडतो.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही. पहिल्यांदाही नाही आणि आताही नाही. आधी पुस्तिका चुकीची होती. काल मी चुकले."

"असं होय," मास्तर म्हणाले. "मी मुख्याध्यापकांना सांगून बसलो होतो की माझ्याच्याने हे होणार नाही, कार्ड परत करा. आणि घरी बायकोला म्हटलं, आता माझं नवीन काही शिकायचं वय गेलं."

"कार्ड परत करू नका. मला उद्यापर्यंत वेळ द्या."

ती पुन्हा मौनीकडे गेली. जुना ड्रायव्हर पूर्ण काढायचा कसा, असं विचारल्यावर तो घुटमळला. काढायची सोय होती, पण ती अर्धवट होती. मागे काही फायली राहायच्या. त्या साफ करायला त्याने स्वतःपुरता एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता.

"तो कुठे आहे?"

"माझ्या मशीनवर."

"आणि लोकांनी काय करायचं?"

थोड्या वेळाने तो स्वतःची खुर्ची ओढत चाचणीच्या खोलीत आला. तिने मुद्दाम आधी चुकीच्या क्रमाने सगळं बसवून मशीन बिघडवलं. मग तो पुस्तिका मोठ्याने वाचू लागला आणि ती तसं करू लागली. एका ओळीशी तो अडला.

"'आवश्यक असल्यास जुनी आवृत्ती काढावी.' आवश्यक आहे हे माणसाला कळणार कसं?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते," ती म्हणाली.

मौनी हसला. तिने त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून चार मशीनं बिघडवली आणि ती सगळी ठिकाणावर आणली. त्याचा तो प्रोग्रॅम ड्रायव्हरबरोबर द्यायचं ठरलं. पुस्तिकेचं पान लांबलं, बेढब झालं, पण त्यावर आता सर्वांत वर ठळक अक्षरांत एकच वाक्य होतं: आधी जुना ड्रायव्हर काढा.

मास्तरांना तिने फोनवरच एकेक करून सगळं करायला लावलं. मशीन पुन्हा सुरू झालं. मग तिला मागे मुलांचा गलका ऐकू आला.

"आलं," मास्तर म्हणाले. "मी बोलतोय ते भिंतीवर येतंय. एक शब्द भलताच आलाय, पोरं त्यालाच हसतायत. हसू देत."

ती "बरं झालं" म्हणाली आणि फोन ठेवला. आनंद झाला होता, पण तो लांबून कुणीतरी सांगितल्यासारखा. समोर मदत कक्षाकडून आलेल्या काळ्या पडद्याच्या आणखी मेल होत्या. पुस्तिकेचं जुनं, चुकीचं पान लोकांनी आपापल्या वेबसाइटवर उतरवून घेतलं होतं आणि ती पानं तिच्या हातात नव्हती. तिने त्यांतल्या काहींना लिहिलं. एकाने बदल केला. बाकीच्यांकडून उत्तर आलं नाही. साहेबांनी मात्र कळवलं की नवं कार्ड येतंय, त्यासाठी हीच पुस्तिका कॉपी करून घे, फक्त नाव बदल.

तिने उत्तर पाठवलं: आधी करून बघेन, मग लिहीन. मौनी येतो म्हणालाय.

मग तिने दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. सकाळी नवऱ्याने खोलीचं दार ओढून घेतलं, आणि ती दुपार होईपर्यंत झोपली.