पट्ट्यांचा कोट

कागलच्या शिवय्यांची थोरली लेक शांभवी जनावरांची डॉक्टर झाली आणि थेट आफ्रिकेला निघाली. केनियातल्या एका केंद्रात रानातली अनाथ पिल्लं वाढवून पुन्हा जंगलात सोडतात. तिथं तीन महिने प्रत्यक्ष काम करत शिकायचं होतं.

"आपल्याकडं म्हसरं काय कमी हायती? सिंहाच्या तोंडात कशाला निघालीयास?" आपल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोरच तिचे वडील, अप्पा, गरजले.

निघायच्या तोंडावर केंद्राचा निरोप आला. आई गमावलेलं झेब्र्याचं शिंगरू आलंय. त्याला एकाच माणसाचा लळा लागू नये म्हणून सांभाळणारे सगळे पट्ट्यापट्ट्यांचा कोट घालतात. कोट कमी पडताहेत. जमलं तर एक आणा.

कापडाचं नाव निघताच अप्पांचा नूर पालटला. "मांजरपाट नको, धुतल्यावर आटतंय," म्हणत त्यांनी स्वतः जाड पांढरं कापड फाडलं. शांभवीच्या आईनं, अव्वानं, त्यावर काळ्या पट्ट्या शिवल्या आणि कसा दिसतोय बघायला कोट अप्पांच्याच अंगावर चढवला. तसेच ते गोठ्यात डोकावले. म्हशीनं एकदा बघितलं, दावं तोडलं आणि हायवेकडं धूम ठोकली. मागं पट्टेरी अप्पा! बघ्यांनी मोबाईल काढले.

"शूटिंग काय करताय? म्हस धरा की!"

केनियात शिंगरू बाटलीला तोंड लावेना. शांभवी कोट घालून नुसती त्याच्याजवळ बसून राहिली. उन्हं उतरली तसं ते हळूच आलं, पट्ट्यांत नाक खुपसलं आणि गटागटा दूध प्यायलं. तिनं पाठवलेला व्हिडिओ अप्पा आल्यागेल्याला दाखवू लागले.

तीन महिने संपत आले. एका सकाळी तोच कोट दुसऱ्या सांभाळणाऱ्यानं घातला, आणि शिंगरू बागडत त्याच्या मागं गेलं. कुंपणाशी उभ्या शांभवीकडं त्यानं वळूनही बघितलं नाही.

तिनं दुकानात फोन लावला. "अप्पा, त्यानं मला वळखलं बी न्हाय."

"रडतीयास व्हय?"

"व्हय. पर असंच व्हायला पायजे हुतं. आता ते रानात जाऊ शकंल."

"लेकरू मार्गी लागलं की असंच हुतंय," अप्पा म्हणाले आणि घाईघाईनं फोन गल्ल्यावर बसलेल्या अव्वाच्या हातात देऊन दुकानाच्या दाराकडं वळले.

"या पावणं! काय दाखवू?"