डावी दाढ

पिशवीत एक मोठा एक्स-रे, एक सीडी, तीन चिठ्ठ्या आणि ताईच्या बासरीचा डबा होता. डबा उगाचच आणला होता. डावा जबडा सुजल्यापासून सव्वीस दिवस ताईने बासरीला ओठ लावले नव्हते, आणि बासरी शिकवण्यावरच तिचं पोट होतं.

सर्जननी गेल्या आठवड्यात नीट समजावलं होतं. अक्कलदाढेच्या मुळांखालून एका बारीक नळीतून खालच्या ओठाची नस जाते. साध्या एक्स-रेत मुळं आणि नळी एकावर एक दिसतात, म्हणून थ्रीडी स्कॅन हवा. मध्ये मिलीमीटरभर हाड असेल तर अख्खी दाढ काढायची. नसेल तर मुळं तशीच ठेवून फक्त वरचा भाग कापायचा. नस दुखावली तर ओठ बधिर होतो, क्वचित कायमचा.

आज त्यांनी स्कॅनची सीडी लावली. "ही तर उजवी दाढ!"

चूक कळायला मला दोन मिनिटं लागली. एक्स-रेतला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. सर्जनच्या नव्या सहायिकेने चित्र पाहून चिठ्ठीत 'उजवी' लिहिलं. कोपऱ्यात बाजूचं अक्षर छापलेलं होतं. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मीही ते पाहिलं नव्हतं.

आम्ही तडक स्कॅन सेंटर गाठलं.

"चिठ्ठीत उजवी होती, उजवीचा स्कॅन काढला," तंत्रज्ञ म्हणाला.

"कुठला गाल सुजलाय ते दिसलं नाही?"

"मॅडम, आम्ही चिठ्ठी बघतो, गाल नाही."

ताई पुन्हा हनुवटी टेकवून उभी राहिली. यंत्र डोक्याभोवती फिरू लागलं आणि तिने आवंढा गिळला. चित्र पुसट आलं.

"गिळायचं नव्हतं गं, ताई!"

"तू भांडतेस, मला हसू येतं. बाहेर जा बघू!"

मी बाहेर गेले. दुसरं चित्र स्वच्छ आलं.

दवाखान्यात परतल्यावर सर्जन पडद्यावर स्कॅनचा एकेक काप पुढे सरकवत गेले. ताईने डबा मांडीवर घट्ट धरला होता. मूळ आणि नळी यांच्यामधल्या सर्वांत अरुंद जागी त्यांनी मोजमापाची रेघ ओढली, मग आणखी दोनदा ओढून पाहिली.

१.४ मिलीमीटर. १.३. १.४.